निरुपयोगी, पण सुस्थितीत

१९५९ च्या एप्रिल महिन्यात कार्तिए मिलितेर येथील आमच्या मराठी तरुण मंडळाच्या कार्यकारिणीने पूर्ण विचारांती असा ठराव केला की, मंडळाच्या चार टेबल टेनिस बॅटी जुन्या झाल्या असून त्या काढून टाकाव्यात व कमीत कमी खर्चात स्पंजच्या नव्या बॅटी घ्याव्यात. ठरावाच्या बाजूने तीन मते पडली. विरोधात एकही पडले नाही. विरोध करणारे सभासद पाऊस थांबायची वाट पाहत कोपऱ्यावरच्या बुतिकात, म्हणजे वाण्याच्या दुकानात, बसले होते, आणि आमच्या गावात पाऊस थांबायची वाट पाहणे म्हणजे मंडळाचा राजीनामा देण्यासारखेच आहे.

ठरावाचे कारण गंभीर होते. दर ऑगस्टमध्ये बेटावरच्या मराठी मंडळांचा चषक मोका गावी खेळला जातो, आणि मागच्या वर्षी अंतिम सामन्यात माएबूर्गच्या मंडळाने आम्हाला हरवले होते. त्यांच्याकडे स्पंज होता. आमच्या बॅटीवर चेंडू आदळला की टक्क असा आवाज येई, त्यावरून चेंडू निघाल्याचे सगळ्यांना कळे. त्यांच्या बॅटीवर आवाजच होत नसे. चेंडू निघालाय हे आम्हाला तो शर्टावर लागल्यावर समजायचे.

आमचा एक नंबरचा खेळाडू जयदेवदादा. बसवर कंडक्टर. दिवसभर तिकिटे फाडून त्याचे मनगट असे तयार झाले होते की चेंडू कुठे जाणार हे चेंडूलाही शेवटपर्यंत कळत नसे. मला खेळायला त्यानेच शिकवले. मी प्रेम, मंडळाचा साहाय्यक चिटणीस आणि दोन नंबरचा खेळाडू. तिसरा नंबर नव्हता.

जयदेवदादाचे म्हणणे एवढेच होते, "यंदा मला तो कप पायजे. एकदा बसमधून हातात धरून आणायचाय. तिकीट मी माझं काढीन."

बॅटी विकणे सोपे आहे असे मला वाटले होते, कारण मी एकोणीस वर्षांचा आहे. आमचे अध्यक्ष राधाकृष्ण काका यांनी माझी समजूत दुरुस्त केली. काका बावीस वर्षे राजधानीत, पोर्ट लुईच्या एका कचेरीत नकला करण्याच्या टेबलावर होते. घरी चहा आला तरी कपाखाली पोच लिहून ठेवायची सवय त्यांना लागली होती.

"या बॅटी एक्कावन्न साली सरकारी खात्याकडून मिळालेल्या आहेत," काका म्हणाले. खात्याचे नाव मी घेत नाही, कारण खाते अजून आहे. "खात्याची वस्तू काढून टाकायची तर ती निरुपयोगी असल्याचा दाखला लागतो. खाते माणूस पाठवते. माणूस तपासतो. मग शिक्का."

"पण काका, निरुपयोगी असल्याचा दाखला असलेली बॅट विकत कोण घेईल?"

"कोणीही नाही."

"आणि सुस्थितीत आहे म्हटलं तर?"

"तर ती विकण्याची परवानगी मिळणार नाही." काकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. "म्हणूनच इतकी वर्षे सरकारी मालमत्ता सुरक्षित आहे."

अर्ज तीन प्रतींत गेला. सात आठवड्यांनी खात्याचे तपासनीस मिस्ये, म्हणजे श्रीयुत, सत्यदेव येणार असे पत्र आले. काकांनी ताबडतोब बैठक्यात, म्हणजे मंडळाच्या पत्र्याच्या सभागृहात, सभा घेतली.

"बॅटी निरुपयोगी ठरवायच्या असतील तर त्या साहेबांसमोर हरल्या पाहिजेत. जयदेव, तू साहेबांशी खेळशील आणि हरशील."

"मी? हरू? त्या साहेबाला?"

"तू कशाला हरतोस? बॅट हरणार आहे. तू फक्त ती धरायची."

मिस्ये सत्यदेव आले ते कोट, टाय आणि दोन पेनांसह. त्यांनी आयुष्यात कधी टेबल टेनिसची बॅट धरली नव्हती. पहिल्यांदा धरली ती चहाच्या गाळणीसारखी. तरीही नियमाप्रमाणे त्यांना स्वतः खेळून खात्री करायची होती. जयदेवदादाची आई, बसंती काकू, दारात शेगडी मांडून गातो पिमाँ, म्हणजे डाळीचे तिखट वडे, तळून पाठवत होती.

त्या दिवशी जयदेवदादा जसा खेळला तसा तो पूर्वी कधी खेळला नव्हता. साहेबांच्या हातून चेंडू परत टेबलावर पडावा म्हणून तो साहेबांच्या बॅटीवर नेम धरून मारत होता. साहेबांची बॅट कुठे असेल हे साहेबांनाही ठाऊक नसे, पण दादाला ते आधी कळत होते. साहेब डोळे मिटून हात फिरवायचे, चेंडू तिथे हजर असायचा, आणि तो जाळीवरून परत यायचा. मग दादा ठरल्याप्रमाणे चुकायचा. एकवीस-सहा. घामाने दादाचा शर्ट भिजला. साहेबांची टायसुद्धा सरकली नव्हती.

"खेळ कठीण आहे असं ऐकलं होतं," साहेब अकरावा गातो पिमाँ तोंडात टाकत म्हणाले. "अफवा असतात."

तीन आठवड्यांनी दाखला आला. काकांनी तो उभे राहून वाचला, कारण त्यावर शिक्का होता.

"बॅटी, नग चार. सुस्थितीत. समक्ष खेळून खात्री केली." काका थांबले. त्यांनी चष्मा पुसला. मग आवाज न बदलता पुढे वाचले. "खेळाडू, नग एक. निरुपयोगी. काढून टाकण्यास या खात्याची हरकत नाही."

बैठक्याच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"आयो," दादा म्हणाला.

"काका, चूक झालीय," मी म्हणालो. "परत लिहून पाठवूया."

"शिक्का मारलेल्या कागदात चूक नसते, प्रेम. चूक कागदाबाहेर असते." आणि त्यांनी जयदेवदादाकडे असे पाहिले, जणू आता याला कुठल्या कपाटात ठेवावे हे ठरवत होते.

बसंती काकू दारातून आत आली. तिच्या हातात झारा होता. "नग एक? ह्याला मी नऊ महिने पोटात वागवला, तवा कुणी पावती दिली नाय. आता निरुपयोगी म्हनून शिक्का देताय?"

"वहिनी, हे खात्याचे मत आहे. व्यक्तिशः मला जयदेव आवडतो."

"मग फाडा तो कागद."

काका इतके दचकले की त्यांनी दाखला सदऱ्याच्या आत घातला.

आता अडचण अशी झाली की मंडळाला बॅटी काढता येत नव्हत्या, कारण त्या सुस्थितीत होत्या. आणि जुने काहीतरी काढल्याशिवाय नवे आणता येत नव्हते, कारण तसा नियम होता. मंडळाकडे काढून टाकण्याची लेखी परवानगी असलेली वस्तू एकच होती. ती दर संध्याकाळी साडेपाचला बसमधून उतरून सरावाला येत होती.

अशा वेळी माएबूर्गच्या मंडळाचा कप्तान बलराम आमच्या गावी आला. बलराम विमानतळावर टपालाच्या थैल्या उतरवण्याचे काम करत असे. त्याच्या काखेत मेणकापडाची पिशवी होती, आणि पिशवीत चार स्पंजच्या बॅटी. एवढ्या जाड की त्यावर डोके ठेवून झोपता आले असते.

"ऐकलं की तुमच्याकडं एक खेळाडू काढायचाय," तो म्हणाला. "आम्हाला चालेल. वापरलेला असला तरी चालेल. बदल्यात ह्या चार."

"चार?" काकांचा विश्वास बसेना. "चार नगांना एक नग?"

"शेजारधर्म, काका. आनि तुमच्या त्या जुन्या रबरी दाण्यांच्या बॅटी पन द्या. चुलीला होतील."

इथे कायद्याचा प्रश्न आला. बॅटी सुस्थितीत असल्याने देता येत नव्हत्या. काकांनी दहा मिनिटे डोळे मिटले. बावीस वर्षांची नोकरी त्यांच्या कपाळावरून सरकताना मला दिसली.

"खेळाडूचे सुटे भाग," ते डोळे उघडून म्हणाले. "मुख्य वस्तूबरोबर सुटे भाग जातात. त्यांना वेगळी परवानगी लागत नाही."

ठराव मतास टाकण्यात आला. मी इथे प्रामाणिकपणे नमूद करतो की माझा हात वर गेला तो कंदिलाभोवतीचा किडा हाकलण्यासाठी. काकांनी तो मत म्हणून मोजला. मला इतिवृत्तात दुरुस्ती करता आली असती, कारण इतिवृत्त मीच लिहीत होतो. पण जयदेवदादा गेल्यावर मंडळाचा एक नंबरचा खेळाडू कोण, याचा हिशेब त्याच क्षणी माझ्या डोक्यात पूर्ण झाला, आणि मी किडा तसाच बाजूने मोजू दिला.

पावती मीच लिहिली. "जयदेव, नग एक, वापरलेला, सुट्या भागांसह. तक्रार चालणार नाही."

दादा खाली मान घालून बुटाचे बंद बांधत होता. त्याने वर पाहिले नाही.

"प्रेम, तुला बॅकहँड कुणी शिकवला रे?"

"तू, दादा."

"मग तो पन सुटा भागच. बघतो, परत कसा घ्यायचा ते."

बसंती काकूने तेवढ्यात दसऱ्याची आठवण काढली. आमच्याकडे दसऱ्याला ऊसतोडीच्या कोयत्यांबरोबर घरातली सगळी हत्यारे पुजतात, आणि मागच्या दसऱ्याला तिने या चारही बॅटी कोयत्यांच्या ओळीत मांडल्या होत्या. रबराच्या दाण्यांमध्ये कुंकू जाऊन बसले होते ते दमट हवेने तिथेच मुरले.

"पुजलेली वस्तू चुलीत घालायची नाय," तिने बलरामला बजावले.

"नाय घालत, मावशी," बलराम म्हणाला. त्या दिवशी तो खरे बोलला ते हे एकच वाक्य.

पुढचे पाच आठवडे मी मंडळाचा एक नंबरचा खेळाडू म्हणून वावरलो. स्पंजची बॅट घेऊन मी बाजारातून मुद्दाम दोनदा फिरलो. लोक थांबून बोट रुतवून पाहायचे. बुतिकवाल्याने विचारले, आत काय भरलंय? सराव करायला समोर कुणी नसल्याने मी भिंतीशी खेळत असे. भिंत चांगली खेळायची. तिचा एकही फटका बाहेर जात नसे. दादा रोज संध्याकाळची बस घेऊन माएबूर्गला जायचा आणि शेवटच्या बसने परत यायचा. जेवायला घरी, खेळायला तिकडे. बसमध्ये मी समोर आलो तर माझे तिकीट फाडायचा आणि सुटे पैसे माझ्या डाव्या बाजूने द्यायचा, जिथे मला हात पोचवायला त्रास व्हावा.

ऑगस्टचा पहिला रविवार उजाडला. मोका गावचा बैठका गच्च भरला होता. अंतिम सामना ठरल्यासारखा कार्तिए मिलितेर विरुद्ध माएबूर्ग. आमच्या बाजूने मी. त्यांच्या बाजूने जयदेवदादा, अंगात माएबूर्गचा निळा शर्ट, हातात आमची जुनी दाण्यांची बॅट.

मला हसू आले. "चुलीत नाही घातल्या?" मी बलरामला विचारले.

"चूल ओली होती."

पंच म्हणून शाळेचे एक गुरुजी होते. त्यांनी खिशातून टंकलिखित कागद काढला आणि घसा साफ केला. जागतिक संस्थेने यंदा नवा नियम केला होता. नुसत्या स्पंजच्या बॅटीला बंदी. दाणेदार रबराची साधी बॅट चालेल. हा कागद बोटीने येऊन, दोन कचेऱ्या फिरून, शुक्रवारी त्यांच्या हाती पडला होता.

मी माझ्या बॅटीकडे पाहिले. ती आवाज न करता माझ्याकडे पाहत होती.

"तुला कधीपासून माहीत होतं?" मी बलरामला विचारले.

"मी विमानातलं टपाल उतरवतो. पेपर असला की उतरवता उतरवता वाचतो." त्याने बोटे मोजली. "म्हंजे मे महिन्यापासून. माएबूर्गला टपाल लवकर येतं ना."

राधाकृष्ण काकांनी गुरुजींकडे हरकत नोंदवली की आमच्याकडे बदलीच्या बॅटी नाहीत. गुरुजी म्हणाले, मग सामना सोडा. बलरामने उदारपणे आमच्याच चारांतली एक बॅट मला उसनी दिली आणि काकांकडून पावती घेतली. "सुटा भाग, नग एक, परतीच्या बोलीवर."

सामना सुरू झाला. दादाने पहिली सर्व्हिस माझ्या बॅकहँडवर टाकली. दुसरीही. तिसरीही. त्याने मला शिकवले होते तेव्हा एक गोष्ट शिकवायची राहिली होती, आणि ती तो आता सगळ्यांसमोर शिकवत होता. चेंडू माझ्या डाव्या कोपरापाशी येऊन वळायचा, मी हात वळवायचो, आणि तोवर तो शर्टावर लागायचा. दाण्यांतले कुंकू चेंडूला लागत होते आणि चेंडूचे माझ्या पांढऱ्या शर्टाला. पहिला गेम एकवीस-चारवर संपला तेव्हा माझे डावे अंग पूजा झाल्यासारखे दिसत होते.

तिसऱ्या रांगेत बसंती काकू उठून ओरडत होती. "मार! अजून मार! डावीकडं!"

काका तिच्यापाशी गेले. "वहिनी, आपले मंडळ या बाजूला बसले आहे."

"मंडळ बसूं दे," ती म्हणाली. "पोरगा उभा हाय."

दुसरा गेम एकवीस-तीन. दादाने चषक उचलला आणि बसमधून कार्तिए मिलितेरला हातात धरून आणला. एक तिकीट स्वतःचे काढले, दुसरे चषकाचे. आम्ही त्याच बसमध्ये मागच्या बाकावर होतो. आमच्या गावात फुलांचे हार घेऊन लोक उभे होते. काकांना वाटले हार मंडळासाठी आहेत, आणि त्यांनी मान पुढे केली.

त्याच आठवड्यात असाधारण सभा झाली. जयदेवदादाला कमीत कमी खर्चात परत आणावे असा ठराव मीच मांडला. आम्ही सगळे त्याच्या घरी गेलो. तो ओसरीवर चषकात चहा पीत होता.

"दादा, चूक झाली," मी म्हणालो.

"इतिवृत्तात लिही."

"लिहिलंय."

"काका, एक सांगा," दादा म्हणाला. "मी निरुपयोगी हाय का सुस्थितीत?"

काका अस्वस्थ झाले. "ते मला असे तोंडी सांगता येणार नाही. कागद पाहावा लागेल."

"बों, ठीक हाय. मग कागद पाहून या. अर्ज करा. तीन प्रती." आणि त्याने चहाचा घोट घेतला, आवाज करून.

अर्ज केला. खात्याचे उत्तर नियमाला धरून होते. नवा खेळाडू घ्यायचा तर जुना काढल्याचा दाखला जोडावा. मंडळात उरलेला जुना खेळाडू एकच होता.

मिस्ये सत्यदेव पुन्हा आले. यावेळी मी मनाशी ठरवले होते की हरायचे नाही. काय वाटेल ते होवो, साहेबांना हरवायचे, सुस्थितीत आणि उपयोगी असे दोन्ही शिक्के घ्यायचे. पण पहिल्या विजयानंतर साहेबांनी घरी टेबल आणले होते आणि ते रोज सकाळी सराव करत होते. साहेबांची बॅट दाण्यांची होती, तर मला मंडळाची स्पंजचीच वापरावी लागली, कारण उसनी आणलेली परत गेली होती. साहेबांनी डोळे उघडे ठेवून मला एकवीस-नऊ असे हरवले. मी एकही गुण मुद्दाम सोडला नव्हता. सगळे गेले ते प्रामाणिकपणे गेले.

दाखला परवा आला. साहेबांना माझ्याबद्दल सहानुभूती वाटली असावी, कारण त्यांनी शेवटी आपल्या हाताने दोन शब्द जास्त लिहिले आहेत. "खेळाडू, नग एक. निरुपयोगी, पण सुस्थितीत."

सबब, कार्यकारिणीच्या आज्ञेवरून मी ही कहाणी लिहीत आहे. कहाणी म्हणजे खरे तर जाहिरात आहे. काकांच्या मते वस्तूचा पूर्वेतिहास गिऱ्हाइकापासून लपवू नये. साहाय्यक चिटणीस, वय एकोणीस, वापर थोडा, बॅकहँड नाही, अक्षर वळणदार, मत द्यायला हात पटकन वर जातो. सोबत सुटे भाग म्हणून स्पंजच्या तीन बॅटी. चौथी बसंती काकू तवा पुसायला वापरते. बदलीत काहीही चालेल. बलराम येऊन पाहून गेला. म्हणाला, "चुलीला पन नको."

आपण हसत असाल. हसायला हरकत नाही, त्याला दाखला लागत नाही. फक्त एक बाब नजरेस आणून देतो. काकांनी विल्हेवाटीचे हे अर्ज सोयीसाठी दोनशे छापून आणले होते. आमचे सभासद एकवीस, प्रत्येकी तीन प्रती धरल्या तरी त्रेसष्ट होतात. काल मी कपाट उघडले तर आत एकही कोरा अर्ज शिल्लक नाही. काका म्हणतात, आजूबाजूची चांगली माणसे येऊन घेऊन गेली. कुणी आपल्या मंडळासाठी, कुणी कचेरीसाठी, दोघी-तिघी तर घरच्यासाठी म्हणाल्या. नावे त्यांनी सांगितली नाहीत. पण एक विचारतो. गेल्या आठवड्याभरात आपल्याला कुणी बसवून घेऊन, गातो पिमाँ खायला घालून, सहज म्हणून एखादा खेळ खेळायचा आग्रह केला आहे का?